महागडा कन्व्हर्टर आणि घरचा पंखा

सरकारी नोकरीत माणसाला एक सवय जडते. कोणतीही वस्तू समोर आली की तिची किंमत आधी दिसते आणि उपयोग मागाहून. खरेदीच्या फायलींवर टिपणे लिहिण्यात माझी वीसएक वर्षे गेली. तेव्हा महाग वस्तूच्या मोहात निदान मी तरी पडणार नाही, असे आपल्याला वाटत असेल. मलाही तसेच वाटत होते. पण घरी ध्वनिमुद्रण करण्याचे मनात आले, आणि माझ्यातला खरेदी-अधिकारी दीर्घ रजेवर गेला.

निमित्त झाले माझ्या आत्याचे. तिचे वय आज ब्याऐंशी. वाईकडच्या आमच्या खेड्यात तिची लहानपणची पहाट जात्यावर उजाडत असे, आणि त्या जात्याबरोबर कानावर पडलेल्या ओव्या तिच्या कंठात राहून गेल्या. दोन वर्षांपूर्वी ती आमच्याकडे दिल्लीला राहावयास आली. एका संध्याकाळी गहू निवडता निवडता ती सहज गाऊ लागली, आणि हे सारे जपून ठेवले पाहिजे असे मला तीव्रतेने वाटले. मी चौकशीला लागलो. जाणत्या लोकांनी एकमुखाने सांगितले, ‘मायक्रोफोन कसाही चालेल, पण कन्व्हर्टर उत्तम हवा, नाहीतर सारे फुकट.’ उत्तम म्हणजे दीड लाखाचा. माझ्याजवळ होती बारा हजारांची एक लहानशी पेटी. मी पैसे साठवू लागलो आणि मुद्रण पुढे ढकलले.

हा कन्व्हर्टर म्हणजे आहे तरी काय? मायक्रोफोनमधून जी वीज येते ती आवाजाच्या लाटेसारखीच सलग चढते-उतरते. संगणकाला लाट कळत नाही, आकडे कळतात. तेव्हा एक कारकून लाटेकाठी बसवावा आणि त्याने क्षणाक्षणाला तिची उंची मोजून वहीत मांडावी, तसे हे काम. ही कल्पना अ‍ॅलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याने 1938 साली मांडली. 1982 साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली, तेव्हा या कारकुनाचा वेग ठरला सेकंदाला 44,100 नोंदी, आणि प्रत्येक नोंदीला 16 बिट, म्हणजे उंचीच्या 65,536 पायऱ्या. दोन नोंदींच्या मधला आवाज हरवत असेल, ही शंका मलाही आली होती. परंतु क्लॉड शॅनन यांनी 1949 च्या आपल्या निबंधात गणिताने दाखवून दिले आहे की, आवाजातल्या सर्वांत उंच कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेगाने नोंदी केल्या, तर मूळ लाट जशीच्या तशी परत उभी करता येते. तरुण माणसाच्या कानाची धाव वीस हजार कंपनांपर्यंत. माझ्या वयाला तीही राहिलेली नाही.

राहता राहिला सूक्ष्मतेचा प्रश्न. प्रत्येक बिटमागे सुमारे सहा डेसिबलचा पल्ला वाढतो. 16 बिटांना 96 आणि 24 बिटांना कागदोपत्री 144. कागदोपत्री म्हणण्याचे कारण असे की, विद्युतमंडलातील उष्णतेचीच एक सूक्ष्म खरखर असते आणि तिच्यामुळे उत्तमोत्तम यंत्रेही प्रत्यक्षात 120-125 च्या आसपास थांबतात. आजची स्वस्त पेटी शंभराच्या पुढे जातेच. महाग आणि स्वस्त पेट्यांच्या पोटातल्या नखाएवढ्या चिपा पुष्कळदा त्याच मोजक्या कारखान्यांतल्या असतात. दीड लाखांत फरक मिळतो तो वीजपुरवठ्याचा, घड्याळाच्या अचूकतेचा, जोडण्यांच्या संख्येचा आणि बांधणीचा.

आता आमच्या घराकडे पाहू. रात्री निजानीज झाल्यावर शांत खोलीतही तीसएक डेसिबल आवाज असतो. छताचा पंखा लावला की तो चाळीस-पन्नासांवर जातो. हातभर अंतरावर गाणाऱ्या आत्याचा आवाज साधारण सत्तर. म्हणजे पंख्याची घरघर आणि आत्याची ओवी यांत वीस-तीस डेसिबलांचे अंतर. एवढे मोजण्यासाठी शंभरापर्यंतचा कारकून असो की सव्वाशेपर्यंतचा, दोघेही बहुतांशी बसून पगार खाणार!

हे सारे मला कळले ते मात्र दीड वर्षाने, तेही योगायोगाने. पैसे भरण्यापूर्वी एका संगीतप्रेमी स्नेह्याकडून तसलाच महागडा कन्व्हर्टर मी चार दिवसांसाठी मागून आणला. एकाच मायक्रोफोनची तार दुभागून एक शाखा त्याला आणि दुसरी माझ्या पेटीला जोडली. पहिल्या ऐकण्यात महागड्याचा आवाज अधिक गोड वाटला. मला कृतार्थ वाटले. नंतर ध्यानात आले की तो थोडा मोठा होता, एवढेच; आणि कानाला मोठे तेच गोड लागते. दोन्ही आवाज समान केले, मुलीला पडद्याआड बसवले आणि तिने कोणता लावला ते वीस वेळा ओळखले. अकरा वेळा बरोबर आलो. मग मी पडद्याआड गेलो आणि ती नऊ वेळा बरोबर आली. नाणे उडवूनही असेच उत्तर आले असते. आत्याने दोन्ही ऐकून विचारले, ‘दोन्हीकडं मीच गातेय ना रे?’

आमच्या दिवाणखान्यातल्या प्रयोगाला शास्त्र म्हणता येणार नाही. परंतु 2007 साली मेयर आणि मोरान या दोघांनी अमेरिकेत असाच पण कितीतरी मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च प्रतीचे मुद्रण जसेच्या तसे, आणि तेच 16 बिटांच्या कन्व्हर्टरमधून फिरवून, अशी तुलना त्यांनी केली. 554 चाचण्यांपैकी 276 उत्तरे बरोबर आली, म्हणजे निम्मीसुद्धा नाहीत. 2016 साली जोशुआ राइस यांनी अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा अधिक सूक्ष्म मुद्रणातला फरक ओळखण्याची किंचित क्षमता श्रोत्यांत आढळली, हेही सांगितले पाहिजे. पण ती खरोखरच किंचित. ज्या स्टुडिओत चाळीस मायक्रोफोन एका घड्याळावर चालवायचे असतात, जिथे तोच आवाज दहा वेळा बाहेर काढून आत घ्यावा लागतो, तिथे महाग यंत्राचा पैसा वसूल होतो. आमच्या घरी एक म्हातारी आणि एक मायक्रोफोन.

गंमत अशी की, मला हवा असलेला फायदा फुकटात मिळत होता. गाणाऱ्यापासून मायक्रोफोनचे अंतर निम्मे केले की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो. म्हणजे अख्खा एक बिट पदरात! चार वितींवरून एका वितीवर आणला, बारा डेसिबल मिळाले. फक्त तो तोंडासमोर न धरता किंचित बाजूला धरावा, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ यांचे फुत्कार आत जात नाहीत. 1902 साली गौहर जान यांनी कलकत्त्यात ग्रामोफोनसाठी गायिले, तेव्हा ध्वनिमुद्रणात विजेचा मायक्रोफोन वापरातच नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. त्या तबकड्यांत खरखर आहे, वरचे-खालचे स्वर कापले गेले आहेत. तरी बाई समोर उभ्या राहतात, कारण त्या कर्ण्याजवळ होत्या.

मी भिंतींवर गोधड्या टांगल्या, खिडकी बंद केली, फ्रीजचे बटण बंद केले. पण दीड वर्ष निघून गेले होते. मागल्या हिवाळ्यात आत्याला खोकल्याचे मोठे दुखणे झाले. आवाज सावरला, पण वरचा स्वर आता फुटतो. भावाच्या ओव्या ती पूर्वी एका दमात पंधरा-वीस म्हणत असे. आता पहिली ओळ येते, आणि दुसरीसाठी ती खिडकीकडे पाहत बसते. त्या कोणत्या होत्या, हे सांगू शकणारे आता गावीही कोणी नाही. यात दोष विकणाऱ्याचा नाही. खरेदीचे टिपण माझे होते, आणि मंजुरीही माझीच.

मे महिन्याची दुपार होती. महागडा कन्व्हर्टर परत गेला होता. बारा हजारांची पेटी जोडून, पंखा आणि कूलर बंद करून आम्ही दोघे बसलो. आत्याने एकसष्ट ओव्या म्हटल्या. मधे दोनदा थांबून पाणी प्यायली. शेवटी पदराने कपाळ पुसत म्हणाली, ‘झालं का रे तुझं? लाव आता पंखा.’ तेही वाक्य मुद्रित झाले आहे. ते मी कापलेले नाही.