लॅपटॉपचा लुकलुकणारा पडदा



घरांतील एखादें यंत्र बिघडलें म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकजण दोहोंपैकीं एक गोष्ट करतात. एक तर तें रडतखडत तसेंच चालवीत राहतात, किंवा उचलून सरळ दुकानदाराच्या स्वाधीन करतात. यांखेरीज तिसरा एक मार्ग आहे. तो म्हणजे बिघाड नेमका कोठें आहे याचा शोध स्वस्थ चित्तानें घरींच घेण्याचा. आज लॅपटॉपच्या लुकलुकणाऱ्या पडद्याचें उदाहरण घेऊन त्या मार्गाविषयीं चार शब्द सांगावे, असा माझा विचार आहे. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि मुलांना गणित शिकवीत आयुष्य घालविलेला मनुष्य आहें. परंतु उदाहरण चुकलें म्हणजे तें कोणत्या पायरीवर चुकलें हें पाहण्याची जी संवय शिक्षकाला जडते, तीच येथें कामीं येते.

लॅपटॉप ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. २०२० सालच्या टाळेबंदींत मुलांची शाळाच पडद्यावर भरत होती. २०२५ सालीं अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यांत ऑनलाइन झाले. पुष्कळ घरांत यंत्र एकच, आणि त्यावर मुलीचा अभ्यास, सुनेची नोकरी व बँकेचे व्यवहार अशीं तीन कामें चाललेलीं असतात. अशा घरीं पडदा थरथरूं लागला, म्हणजे सारें घरच अडून बसतें. त्यांतच दुकानदार म्हणतो, "पडदाच बदलावा लागेल." पडद्याला कित्येक हजार रुपये पडतात. दुकानदार खरें सांगतो कीं अंदाजानें बोलतो, हें गृहस्थाला कसें समजावें?

माझें राहणें बडनेऱ्याचें. म्हणून दृष्टान्तहि आमच्या जंक्शनचाच देतों. नागपूरकडून येणारी गाडी तासभर उशिरा आली, तर जाणता प्रवासी विचारतो कीं, ती वर्ध्याहून केव्हां सुटली, पुलगांवास किती वाजतां होती, धामणगांवास किती, चांदुरास किती? धामणगांव वेळेवर सोडलेली गाडी चांदुरास उशिरा पोंचली असेल, तर खोळंबा त्या दोन स्टेशनांमध्येंच झाला. मग वर्ध्याच्या स्टेशनमास्तरास दोष देण्याचें कारण उरत नाहीं.

लॅपटॉपमधील चित्राचा प्रवासहि असाच असतो. विंडोजसारखी मूळ प्रणाली व तिच्यावर चालणारे निरनिराळे प्रोग्रॅम हें पहिलें स्टेशन. चित्र घडविणारी ग्राफिक्स चिप व तिला हुकूम पोंचविणारा ड्रायव्हर हें दुसरें. बिजागरीतून जाणारी बारीक केबल हें तिसरें. आणि पडदा व त्याच्या पाठीमागील एलईडी दिवे हें शेवटचें. या सर्वांना लागणारी वीज ही जणूं इंजिनाची शक्ति. गाडी कोठें अडली तें एकेक स्टेशन घेऊन पाहूं. नियम मात्र एकच: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि पडदा स्थिर झाला, तर गुण कोणत्या औषधानें आला हें कळत नाहीं.

परीक्षेच्या आधीं महत्त्वाचे कागद व फोटो यांची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवावी. लुकलुकणारा पडदा केव्हां अजिबात काळा पडेल, याचा नेम नसतो. दुसरें असें कीं, मोबाइलच्या कॅमेऱ्यांतून पाहिल्यावर पडद्यावर सरकते पट्टे दिसले, तर तो बिघाड समजूं नये. साधा पडदा सेकंदाला ६० वेळां आपलें चित्र नवें करतो; कॅमेऱ्याचा ताल त्याशीं जुळला नाहीं म्हणजे असे पट्टे दिसतात. नुसत्या डोळ्यांना दिसेल तेंच लक्षण धरावें.

आतां पहिली परीक्षा विजेची. आमच्या वऱ्हाडांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, घरोघर कूलर चालूं होतात, दिवे मंद होतात. आणि मग लॅपटॉप लुकलुकला कीं सारा दोष विजेच्या माथीं जातो. वास्तविक भिंतींतील २३० व्होल्टची वीज लॅपटॉपपर्यंत तशी पोंचतच नाहीं. मधला ॲडॉप्टर तिचें पुष्कळ कमी दाबाच्या एकदिशी प्रवाहांत रूपांतर करतो, आणि शिवाय पाठीशीं बॅटरी असते. म्हणून ॲडॉप्टरची पिन काढून यंत्र बॅटरीवर चालवून पाहावें. लुकलुक थांबली, तर ॲडॉप्टर, त्याची दोरी किंवा घरांतील अर्थिंग यांकडे लक्ष द्यावें. न थांबली, तर विजेला दोषमुक्त करून पुढें जावें.

दुसरी परीक्षा काळाची. यंत्र सुरू करतांना प्रथम कंपनीची मुद्रा उमटते. त्या वेळीं विंडोज अद्याप जागी झालेली नसते. पडदा तेव्हांपासूनच लुकलुकत असेल, तर बिघाड प्रायः यंत्राच्या अवयवांत आहे. विंडोज सुरू झाल्यावरच लुकलुक दिसत असेल, तर संशय आज्ञावलीवर, म्हणजे सॉफ्टवेअरवर, अधिक घ्यावा.

त्याची तिसरी परीक्षा खुद्द मायक्रोसॉफ्ट कंपनीनेंच सांगितलेली आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्या, म्हणजे टास्क मॅनेजर नांवाची चौकट उघडते. इतर सर्व लुकलुकत असून ती चौकट तेवढी स्थिर असेल, तर एखादा प्रोग्रॅम न जुळणारा आहे. नुकताच घेतलेला प्रोग्रॅम अद्ययावत करावा किंवा काढून टाकावा. चौकटहि इतरांबरोबर लुकलुकत असेल, तर ड्रायव्हरवर संशय घ्यावा. अशा वेळीं डिव्हाइस मॅनेजरमध्यें डिस्प्ले ॲडॉप्टर्स या सदरांत जाऊन ड्रायव्हर पूर्वीच्या स्थितीवर नेतां येतो, अथवा लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या स्थळावरून नवा उतरवून घेतां येतो. सेटिंग्जमधील ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या पानावर पडद्याचा वेग हर्ट्झमध्यें दिलेला असतो. तेथें एकाहून अधिक वेग असल्यास दुसरा निवडून पाहण्यास हरकत नाहीं.

चौथी परीक्षा मला सर्वांत निर्णायक वाटते. पुष्कळ घरांत हल्लीं एचडीएमआयची सोय असलेला टीव्ही असतो. लॅपटॉप केबलनें त्याला जोडावा आणि तेंच चित्र दोहोंकडे पाहावें. टीव्हीवरहि चित्र थरथरलें, तर खोळंबा पहिल्या दोन स्टेशनांवर आहे. नवा पडदा घेऊन उपयोग होण्याचा संभव थोडा. टीव्हीवर चित्र निश्चल आणि लॅपटॉपवरच लुकलुक, तर दोष बहुधा बिजागरींतील केबलचा किंवा पडद्याचा.

त्या दोहोंचा निवाडा पांचव्या परीक्षेंत होतो. लॅपटॉपचें झांकण हलक्या हातानें थोडें पुढें, थोडें मागें करावें. कोन बदलतांच लुकलुक वाढते किंवा थांबते असें दिसलें, तर केबल सैल अथवा झिजलेली असावी. दिवसांतून दहादां उघडमीट होणाऱ्या बिजागरींतून ती जाते, तेव्हां ती झिजली तर नवल नाहीं. ॲपलसारख्या मोठ्या कंपनीलाहि हें चुकलें नाहीं. तिच्या २०१६ सालच्या १३ इंची मॅकबुक प्रोच्या कांहीं यंत्रांत पडद्यामागील प्रकाश बिघडूं लागला. ज्यांनीं तीं उघडून तपासलीं, त्यांनीं बिजागरीजवळच्या आंखूड पट्टीवजा केबलकडे बोट दाखविलें. आणि मे २०१९ मध्यें कंपनीनें मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. झांकण हलवून कांहींच फरक पडला नाहीं, तर मात्र पडद्यावर संशय घ्यावा. पडदा काळा पडल्यावर त्यावर तिरपी बॅटरी धरून पाहावी. अंधुक चित्र दिसलें, तर चित्र शाबूत असून मागचा प्रकाश गेला आहे.

आमच्या शेजारच्या एका घरीं असाच प्रसंग आला होता. मुलीच्या प्रवेशअर्जाची मुदत दोन दिवसांवर, आणि पडदा एकसारखा लुकलुकत होता. एका दुकानांत पडदा बदलण्याचा सल्ला मिळाला. त्या रात्रीं यंत्र टीव्हीला जोडलें, तों चित्र स्वच्छ! मुलीनें टीव्हीवर पाहूनच अर्ज भरला. दुसऱ्या दिवशीं झांकणाच्या कोनाचीहि परीक्षा झाली, आणि ती हकीकत एका कारागिराला सांगितली. त्यानें यंत्र उघडून केबलचें टोंक पुनः नीट बसवून दिलें. पडदा होता तोच राहिला आणि आजहि चालतो आहे.

येथें एक इशारा दिला पाहिजे. हा शोध स्क्रूड्रायव्हर हातांत न घेतां करावयाचा आहे. कळफलकाखालचा भाग फुगून वर आला असेल, झांकण पूर्ण मिटत नसेल किंवा करपल्यासारखा वास येत असेल, तर बॅटरी फुगली असण्याचा संभव असतो. अशा वेळीं सर्व परीक्षा बंद! यंत्र बंद करावें, चार्जिंग करूं नये, फुगवटा दाबूं किंवा टोंचूं नये; जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवून जाणत्या कारागिराकडे पोंचवावें. लिथियम बॅटरीला आग लागूं शकते. उन्हाळ्यांत लॅपटॉप गादीवर ठेवून चालविणें किंवा बंद मोटारींत ठेवून जाणें हेंहि टाळावें.

इतकें करूनहि दुकानाची पायरी चढावी लागेलच, हें मी जाणून आहें. परंतु जातांना एका कागदावर चार ओळी लिहून न्याव्या: बॅटरीवर काय झालें, टास्क मॅनेजर स्थिर होता काय, टीव्हीवर चित्र कसें दिसलें, झांकण हलविल्यावर काय फरक पडला. प्रामाणिक कारागिराचें काम त्या कागदानें निम्मे होतें, आणि अंदाजानें बोलणाराहि तो वाचून जरा जपून बोलतो. ज्या घरीं एकच यंत्र आहे आणि महिन्याचा हिशेब जेमतेम जुळतो, त्या घराला हा चार ओळींचा कागद कित्येक हजारांचा ठरतो. आपल्यापैकीं कोणाच्या घरीं पडदा लुकलुकत असेल, तर आज रात्रींच तो कागद लिहावयास घ्यावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.