आपल्या गाडीचे दुसरे तेल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चिटणीसबाईंनी जेव्हा सांगितले की, तुम्ही घरी गाडीचे तेल बदलता त्यावरच बोला, तेव्हा मी म्हटले, बाई, लोणच्यावर बोलते, सांडग्यांवर बोलते, पण हे नको. त्या ऐकेनात. तेव्हा चुकलेमाकले पदरात घ्यावे.

आत येताना मी बाहेर उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या. बहुतेक साऱ्या बिनगिअरच्या स्कूटर. १९८४ साली पुण्याची कायनेटिक आणि जपानची होंडा यांनी भागी केली आणि बटण दाबून सुरू होणारी, हाताने गिअर न टाकता चालणारी स्कूटर आपल्याकडे आली. पुढे २००१ साली अ‍ॅक्टिव्हा निघाली आणि मग तर मोहाडीपासून तुमसरपर्यंत बाया स्वतःच्या गाडीने बाजारहाट करू लागल्या. परंतु बिनगिअरची म्हणजे गिअर नसलेली, असा जो आपला समज आहे तो चुकीचा आहे. माझाही तोच होता. त्याची किंमत मी मोजली.

त्याचे असे झाले. २०२० च्या ऑगस्टात वैनगंगेला मोठा पूर आला, तेव्हा मी माहेरी नदीकाठच्या गावी होते. अंगणात उभी असलेली गाडी अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर धुतली, पुसली, सुरू झाली. आम्ही समाधान मानले. पुढे दीड वर्षाने मामाजींच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. भंडाऱ्याला डॉक्टरांना डोळा दाखवून आम्ही परत येत होतो. वरठीच्या पुढे आलो तोच मागच्या चाकातून जात्यात खडा अडकावा तसा आवाज येऊ लागला आणि चाक जड झाले. दिवस मावळत आलेला, रस्त्यावर ट्रकांची धूळ, मामाजींच्या डोळ्याला काळा चष्मा. मी पदराने त्यांचे तोंड झाकून तासभर रस्त्याच्या कडेला उभी होते. ते बिचारे एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचेच मला जास्त लागले.

मिस्त्रीने चाकाजवळची पेटी उघडली तर आतून दुधाच्या चहासारखे पाणचट तेल निघाले. "वहिनी, गिअरचं तेल कधी बदलवलं होतं?" त्याने विचारले. मला दुसरे तेल असते हेच ठाऊक नव्हते! दरवेळी सर्व्हिसिंगचे पैसे दिले, पण तेल बदलले की नाही हे आम्ही कधी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही. बेअरिंग गेले होते. त्या महिन्याचा किराणा उधारीवर आणावा लागला.

तेव्हापासून मी समजून घेतले. आपल्या गाडीच्या डाव्या अंगाला लांबट झाकण असते. त्यात दोन चाकांवरून पट्टा फिरतो, शिलाईमशीनचा फिरतो तसा. पुढच्या चाकात लहान गोळे असतात. इंजिनाचा वेग वाढला की ते बाहेर सरकतात, चाकाच्या दोन थाळ्या जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. हाच तिचा आपोआप बदलणारा गिअर. येथे तेल चालत नाही, पट्टा घसरेल. पण त्याच्या मागे, चाकाच्या आसाशी, लहानशी बंद पेटी असते. तिच्यात दात्यांची चाके तेलात फिरतात. हे ते दुसरे तेल. किती? आमच्या गाडीला अवघे १२० मिलिलिटर! चहाच्या कपाइतके तेल, आणि त्याच्यावाचून चाक अडते.

आता मी दर दिवाळीपूर्वी, पावसाळा संपल्यावर, हे काम घरी करते. गाडी थोडी फिरवून आणावी, म्हणजे तेल पातळ होते. सपाट जागी मोठ्या स्टँडवर लावून बंद करावी. मग आधी वरचा, तेल भरावयाचा बोल्ट सैल करून पाहावा. हे अगदी ध्यानात ठेवा. खालून तेल काढून बसलात आणि वरचा बोल्ट निघालाच नाही, तर गाडी अंगणातच राहील. नंतर खाली भांडे ठेवून खालचा बोल्ट काढावा. तेलात चमचमणारी धूळ पुष्कळ दिसली किंवा ते दुधाळ झाले असेल तर मिस्त्रीला दाखवावे. बोल्टखालचा वायसर हरवू नये, झिजला असेल तर नवा घालावा. आणि पाना पैलवानासारखा आवळू नये. पेटी अ‍ॅल्युमिनियमची असते, आटे जातात.

भरण्यासाठी मी औषधाच्या दुकानातून ६० मिलिलिटरची मोठी पिचकारी आणली. दोनदा भरली की माप पुरे. तेल कोणते आणि किती, हे मात्र आपापल्या गाडीच्या पुस्तकात पाहावे, शेजारणीला विचारून घालू नये.

पहिल्या वेळी माझी फजिती झाली ती सांगते. मी मोठ्या तोऱ्यात बोल्ट काढला आणि काळेकुट्ट तेल येतच राहिले, भांडे भरले. ते इंजिनाचे तेल होते! सुदैवाने तेल जास्त आले म्हणून शंका आली आणि गाडी सुरू केली नाही. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "बाई, गाडी रिकामी केलीस काय?" नवे इंजिन तेल आणून भरले आणि मग चाकाजवळचा खरा बोल्ट शोधला.

मागे एकीने विचारले की मोटारीचेही असेच करता येईल काय? ज्या मोटारीत आपोआप गिअर पडतो तिचे तेल वेगळे, बहुधा लाल रंगाचे, आणि ते काही लिटर लागते. कित्येक गाड्यांत ते ठरावीक उष्णतेला मोजावे लागते आणि मोटार उचलून सरळ धरावी लागते. जॅकवर टेकवलेल्या मोटारीखाली कोणी शिरू नये. ते काम मी करीत नाही.

काढलेले तेल नालीत किंवा धानाच्या बांधीत ओतू नका. मी जुन्या बाटलीत भरून गॅरेजात देते. हाताला लागले तर साबणाने धुवावे, मग कणकेला हात लावावा.

ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या अंगणात गाडी घेऊन यावे. पाना आणि पिचकारी माझ्याकडे आहे. तेल आणि वायसर मात्र ज्याचे त्याने आणावे.