व्यापाऱ्यानें किती बोलावें?



पूर्वीं आमच्या पेठांतील दुकानदार एकदां पाटी लावून मोकळा होत असे. गिऱ्हाईक आलें म्हणजे बोलावें, गेलें म्हणजे वही उघडावी, असा त्याचा क्रम होता. आजच्या दुकानदाराची पाटी फोनमध्यें आली आहे, आणि ती त्याला रोज नव्यानें रंगवावी लागते. सकाळीं शुभेच्छांचें चित्र, दुपारीं मालाचें, सायंकाळीं छोटासा चलत्‌पट, रात्रीं लोकांच्या प्रश्नांस उत्तरें! समाजमाध्यमांवरील हा खटाटोप किती करावा व कोठें थांबवावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो मोठमोठ्या कंपन्यांपुरता नाहीं. ज्या घरांतून मसाले आणि लोणचीं विकलीं जातात, त्या घरांचाहि तो आहे.

ब्रिटनमध्यें वेदरस्पून नांवाची मद्यगृहांची एक कंपनी आहे. १६ एप्रिल २०१८ रोजीं तिनें ट्विटर, फेसबुक व इन्स्टाग्राम यांवरील आपलीं सर्व खातीं बंद केलीं. मुख्य कचेरीचीं तर केलींच, पण सुमारें ९०० मद्यगृहांचींहि केलीं. कारणें अनेक सांगण्यांत आलीं. त्यांतलें एक मला फार मार्मिक वाटतें. मद्यगृहाच्या व्यवस्थापकाचें खरें काम समोरच्या गिऱ्हाइकाची सेवा करण्याचें. त्या कामावरून त्याचें लक्ष उडूं लागलें होतें. कंपनी बुडाली काय? मुळींच नाहीं. जुलै २०१८ अखेरच्या वर्षांत तिची विक्री सुमारें १६९ कोटि पौंडांची होती. पुढच्या वर्षीं ती सुमारें १८२ कोटींवर गेली.

यावरून मौन धरल्यानें विक्री वाढते असें मात्र कोणीं समजूं नये. भर रस्त्यावर ज्याचीं शेंकडों दुकानें उघडीं आहेत, त्याची पाटी येणाराजाणारा वाचतोच. लश या साबण व सौंदर्यप्रसाधनें विकणाऱ्या कंपनीनें २०१९ सालीं ब्रिटनमध्यें अशीच खातीं बंद केलीं, पण तिचें मन स्थिर राहिलें नाहीं. ती परत आली. नंतर २६ नोव्हेंबर २०२१ रोजीं तिनें फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट व टिकटॉक यांवरून पुन्हां पाय काढला. यूट्यूब मात्र तेव्हांहि सोडलें नाहीं. मोठ्यांचीहि अशी द्विधा होते, मग लहानांची काय कथा!

आतां आपल्याकडील एखादी गृहिणी घ्या. ती डोंबिवलीस किंवा कोथरुडांत राहते आणि दिवाळीच्या फराळाच्या मागण्या घेते. तिला रस्त्यावर दुकान नाहीं, पाटी नाहीं. तिनें फोनवर बोलूंच नये असें सांगणें म्हणजे तिला व्यवसाय सोडण्यास सांगणें होय. परंतु ऐन भाजणी भाजण्याच्या वेळीं ती चकलीचें चित्रीकरण करूं लागली, तर चकली कोण करणार? चित्रीकरणाला तास, तें सजवण्याला तास, आणि मग किती जणांनीं पाहिलें हें दर दहा मिनिटांनीं पाहण्यांत उरलेली संध्याकाळ. या वेळेची मजुरी कोणी हिशेबांत धरीत नाहीं. ‘छान’ म्हणणारे तीनशें असतात. पत्ता धाडून पैसे देणारे किती, हें वहीच सांगते.

माझ्या मतें मर्यादा पोस्टच्या संख्येवर बांधणें व्यर्थ आहे. दिवसाला दोन कीं चार, हा वाद निष्फळ होय. जितक्या विचारणांना त्याच दिवशीं नीट उत्तर देतां येईल, तितक्याच येतील इतपत बोलावें. रोज नवें चित्र लावणारा दुकानदार ‘अर्धा किलो केवढ्यास?’ या प्रश्नाला तीन दिवस उत्तर देत नसेल, तर त्याचें बोलणें अधिक झालें आहे. शिवाय अधिक बोलल्यानें अधिक ऐकूं जाईल हा भरंवसाहि नाहीं. जानेवारी २०१८ मध्यें फेसबुकच्या चालकांनीं जाहीर केलें कीं, यापुढें आप्तमित्रांचें लिखाण आधीं दाखविलें जाईल आणि व्यापाऱ्यांचें कमी. पाटी आपली खरी, पण भिंत दुसऱ्याची!

या परक्या भिंतीचा अनुभव आपल्या देशानें चांगलाच घेतला आहे. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, आणि ज्यांनीं तेथें वर्ष-दोन वर्षें खपून लोक जमविले होते, त्यांची ती सारी जमवाजमव एका रात्रींत हातची गेली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप हीं तिन्हीं सुमारें सहा तास बंद पडलीं. आपल्याकडे तेव्हां रात्र होती, म्हणून निभावलें.

म्हणून फोनवर विकणाऱ्यांस माझी एक सूचना आहे. येत्या महिन्यांत प्रत्येक गिऱ्हाइकास, ‘आमचें नांव आपणांस कोठें कळलें?’ एवढें विचारावें, आणि उत्तर त्याच्या नांवापुढें, फोन क्रमांकासह, कागदाच्या वहींत टिपावें. शेजारणीनें सांगितलें असें किती जण म्हणतात व चित्र पाहिलें असें किती, हें महिनाअखेर मोजावें. पुढच्या महिन्यांत चित्रीकरणाला किती संध्याकाळी द्याव्या, तें त्या मोजणीवरून ठरवितां येईल. आणि भिंत पडली तरी वही घरांत राहील.