स्टोक पार्क : एका खाजगी क्रीडांगणाचा पूर्वेतिहास

इंग्लंडमध्यें बकिंगहॅमशायर परगण्यांत, स्लाऊ शहराच्या उत्तरेस, स्टोक पोजेस नांवाचें एक लहानसें गांव आहे. इंग्रजी काव्याचा अभ्यास केलेल्या मराठी घरांना या गांवाची ओळख जुनी आहे. कारण थॉमस ग्रे या कवीच्या १७५१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या विलापिकेशीं येथील चर्चच्या स्मशानभूमीचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे. ज्यांना ना सत्ता लाभली ना कीर्ति, अशा खेडुतांच्या थडग्यांपाशीं त्या कवितेनें मानवी वैभवाचा हिशेब मांडला. त्याच परिसरांत एक विस्तीर्ण उद्यान असून त्यांत एक शुभ्र वाडा उभा आहे. तेंच स्टोक पार्क. १९०८ सालीं तेथें एक खाजगी गोल्फ क्लब स्थापन झाला. परंतु त्या क्लबाचा इतिहास खेळापासून सुरू होत नाहीं. तो जमिनीच्या मालकीपासून सुरू होतो.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस येथील जुन्या वाड्यांत सर एडवर्ड कोक हे सुप्रसिद्ध कायदेपंडित राहत असत. १६०१ मध्यें पहिल्या एलिझाबेथ राणीचा पाहुणचार त्यांनीं येथेंच केला. राजा देखील कायद्याच्या खालींच आहे, हें तत्त्व त्यांनीं आयुष्यभर मांडलें, आणि १६२८ च्या हक्कांच्या अर्जामागें मुख्य प्रेरणा त्यांचीच होती. १६३४ मध्यें ते स्टोक पोजेस येथेंच निवर्तले. ज्या पहिल्या चार्ल्स राजाला तो अर्ज मान्य करावा लागला, तोच पुढें १६४७ मध्यें पार्लमेंटचा बंदी म्हणून कांहीं काळ याच वाड्यांत ठेवला गेला. दैवाची ही लीला कोणत्याहि नाटककाराला हेवा वाटावा अशी आहे.

१७६० मध्यें ही जहागीर टॉमस पेन यानें विकत घेतली. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांताचा संस्थापक विल्यम पेन याचा हा पुत्र. पित्यानें तेथील मूळ रहिवाशांशीं सलोख्यानें वागण्याची कीर्ति मिळविली. पुत्रांच्या कारकीर्दीची आठवण मात्र निराळी आहे. १७३७ मध्यें, दीड दिवसांत माणूस चालून जाईल तेवढी जमीन पेन कुटुंबाला द्यावयाची, असा एक जुना करार पुढें करण्यांत आला. लेनापी लोकांनीं साध्या चालीची कल्पना केली होती. पेन पक्षानें आधींच वाट साफ करून ठेविली आणि निवडक चपळ माणसें मोल देऊन धांवविलीं. परिणामीं लेनापींना आपल्या पूर्वजांच्या फार मोठ्या प्रदेशास मुकावें लागलें.

पुढें अमेरिका स्वतंत्र झाली व पेन कुटुंबाची तेथील अफाट मालकी गेली. १७७९ मध्यें पेन्सिल्व्हेनियाच्या विधिमंडळानें त्यांना १,३०,००० पौंड भरपाई मंजूर केली. टॉमसचा पुत्र जॉन पेन यानें जुना वाडा बहुतांशीं पाडून जेम्स वायट या वास्तुशिल्पकाच्या हातून आजचा वाडा पूर्ण करविला, आणि त्या कामीं या भरपाईच्या पैशाचा उपयोग झाला, असें मानलें जातें. याच जॉन पेननें १७९९ मध्यें ग्रे कवीचें स्मारक उभारलें. ज्या पिढीला भूमि गमवावी लागली, त्याच पिढीनें वैभवाच्या क्षणभंगुरतेचें स्मारक आपल्या उद्यानाच्या सीमेवर बांधावें, यांत कांहीं आत्मचिंतन असेल काय? उत्तर कसेंहि असो. लेनापींचें स्मारक मात्र तेथें कोणी उभारलें नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत जहागिरीचे धनी बदलत गेले. आगपेट्यांच्या व्यापारांत धनाढ्य झालेल्या ब्रायंट घराण्याकडेहि ती कांहीं काळ होती. १९०८ मध्यें ती निकोलस लेन जॅक्सन यांच्या हातीं आली. १८८२ मध्यें कोरिंथियन फुटबॉल संघाची स्थापना करणारे हेच गृहस्थ. पैशासाठीं नव्हे, खेळासाठीं खेळावें, हें त्यांचें ब्रीद. मोठमोठ्या जहागिरी चालविणें जमीनदारांना जड जाऊं लागलें होतें. अशा वेळीं एका घराण्याचा वाडा अनेक वर्गणीदारांचा करावा, ही कल्पना त्यांनीं अंमलांत आणली.

मैदानाची आंखणी हॅरी कोल्ट यांनीं केली. तोंपर्यंत समुद्रकिनाऱ्यापासून दूरच्या अनेक मैदानांवर सरळ रेषेंत मातीचे बांध घालून अडथळे उभे करीत. कोल्ट यांनीं जमिनीचा मूळचा चढउतार, ओढा, तळें व जुनीं झाडें यांनाच खेळांत सामावून घेतलें. ब्राउन आणि रेप्टन या नामांकित उद्यानकारांचा हात पूर्वींच या उद्यानावरून फिरला होता; त्यांच्या रचनेला धक्का न लावतां खेळाची वाट काढणें हें कौशल्याचें काम होतें. येथील सातव्या होलवरून अमेरिकेंतील ऑगस्टा येथील बाराव्या होलची कल्पना सुचली, असें म्हटलें जातें. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ या चित्रपटांतील गोल्फचा सामना याच हिरवळीवर चित्रित झाला, आणि क्लबाचें नांव गोल्फ न खेळणाऱ्यांपर्यंतहि पोंचलें.

पण या कथेंतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट चेंडूची नाहीं. दोन महायुद्धांच्या दरम्यान स्लाऊचे कारखाने वाढले, आणि ग्रेच्या स्मशानभूमीभोंवतालीं घरांच्या रांगा उठतील असें भय निर्माण झालें. त्या वेळीं स्टोक पार्क सर नोएल मॉब्स यांच्याकडे होतें. स्लाऊच्या औद्योगिक वसाहतीचे तेच अध्यक्ष. ज्यांच्या उद्योगानें शहर वाढलें, त्यांनींच १९३० नंतरच्या दशकांत चर्चशेजारची जमीन राखून तेथें स्मृति-उद्यान निर्माण केलें. त्यामुळें तो परिसर मोकळा राहिला.

२०२१ च्या एप्रिलमध्यें ही मालमत्ता ५.७ कोटी पौंडांना मुंबईच्या रिलायन्स उद्योगसमूहानें घेतली. ज्या मुंबईवर एके काळीं लंडनहून राज्य चालत असे, त्या मुंबईकडे इंग्रज जहागिरीची मालकी यावी, याचें अनेकांना कौतुक वाटलें. तें स्वाभाविक आहे. तथापि कोक, पेन, जॅक्सन आणि मॉब्स यांच्या या भूमीनें एक धडा दिला आहे. खरेदीखतानें मालकी मिळते. त्या मालकीची आठवण मात्र कशी राहील, हें धन्याच्या वागणुकीवर ठरतें. पेन कुटुंबानें वाडा बांधला, तरी दीड दिवसाची ती चाल इतिहासानें विसरली नाहीं. मॉब्स यांनीं एक मोकळी जागा राखली, ती आजहि त्यांच्या नांवें बोलते. कुंपणाच्या आंत खेळ कोणाचाहि असो, कुंपणाबाहेर त्या खेडुतांच्या शेजारीं, आपल्या आईच्याच थडग्यांत, ग्रे कवि विसावला आहे. आणि त्याला भेटावयास येणाऱ्याकडे कोणी वर्गणी मागत नाहीं.