प्राणहितेकाठची मुशी

श्रोतेहो, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या ढिवरबांधवांना मरळ ठाऊक आहे, मुशी नाही. मुशी म्हणजे शार्क, हा शब्द कोकणचा. इथून समुद्र शेकडो कोस दूर. तरीही आपल्या खोऱ्यात मुशी होती, आणि तीही गोड्या पाण्यातली!

वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीला मिळते. नदीपलीकडे, तेलंगणात, मलेरी नावाचा लाल मातीचा थर आहे, सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वीचा. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले एस. एल. जैन यांनी 1980 साली त्यातल्या गोड्या पाण्यातल्या मुशीची माहिती प्रसिद्ध केली. मुशीला हाडं नसतात, कूर्चा असते. ती कुजते आणि मागे उरतात दात, तेही इवलेसे, दोन टोकांचे. तेवढ्यावरून या मंडळींनी कूळ ओळखलं. आम्हा कवींना एवढ्या ऐवजावर एक ओळही धड सुचायची नाही. या कुळातल्या मुशीचं अंग वामेसारखं लांब आणि डोक्यामागे एक काटा. सिरोंचाजवळच्या कोटा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, त्यानंतरच्या थरातही दुसऱ्या एका कुळाचे दात सापडले आहेत.

आज दोन्ही कुळांत कोणी उरलेलं नाही. आताच्या नदीतल्या मुशी समुद्राकडून आलेल्या. हे सोपं नसतं. मुशीच्या रक्तात युरिया साठलेला असतो, तो खाऱ्या पाण्यात तिला तारतो. पण गोड्या पाण्यात आली, की बाहेरचं पाणी तिच्या अंगात शिरू लागतं. ते सतत बाहेर टाकू शकणाऱ्या जाती अगदी थोड्या.

त्यांतलीच एक गंगेची मुशी. हुगळी नदीतल्या नमुन्यावरून 1839 साली तिला शास्त्रीय नाव मिळालं. भारतात 2001 पासून तिला वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर एक मादी आढळली, अंदाजे 266 सेंटिमीटर लांब. दहाहून अधिक वर्षांतली ही पहिलीच नोंद, आणि तीसुद्धा मासळीच्या ढिगात!

आपल्या गोदावरीत समुद्रातून एखादी शिरलीच, तरी डौलेश्वरमचा बंधारा तिला अडवील. एकोणिसाव्या शतकापासून तिथे बंधारा आहे. पुढे मेडीगड्डाचं धरण आहेच.

सिरोंच्याला गेलात तर वडधमचं जीवाश्म उद्यान जरूर पाहा. मात्र तिथला दगड आठवण म्हणून खिशात घालू नका. मुशीचा दात इतका बारीक, की तो आपण उचलला हे आपल्यालाही कळायचं नाही.