रेघ ओढण्याआधीचं पाहणं



कोल्हापुरात, कथाचित्रकारांसमोर अध्यक्ष म्हणून बोलताना मनावर दडपण आहे. चित्रकार आबालाल रहिमान याच गावात कोटितीर्थाच्या, रंकाळा तलावाच्या काठी चित्रं काढत बसत. 

सतरा वर्षं मी टॅब्लेटवर काढलेल्या चित्रांवर जगलो आणि त्या सतरा वर्षांत माझ्या हातून एकही मूळ चित्र झालं नाही. मुखपृष्ठं झाली, दिवाळी अंकांतल्या कथांची चित्रं झाली, मुलांची पुस्तकं झाली. छापलेलं सगळं कपाटात आहे. पण ज्यावर माझा हात टेकला, शाई सांडली, असा कागद एकही नाही. २००९ ते २०१३ची कामं ज्या हार्ड डिस्कवर होती ती एक दिवस सुरूच झाली नाही. पाच वर्षांचं काम गेलं.

टॅब्लेटला मी बोल लावणार नाही. रात्री अकराला फोन यायचा, ‘नायिकेची साडी निळी करा’, आणि पाच मिनिटांत निळी साडी छापखान्यात पोचायची. त्या वेगावर माझं घर चाललं, मुलीचं शिक्षण झालं. इथल्या अनेकांचं आजही तसंच चालतं, आणि त्यात कमीपणा नाही.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या मंडईत लसूण निवडणाऱ्या एका मावशींसमोर मी कार्ट्रिज कागद, क्रोक्विलची निब आणि काळी वॉटरप्रूफ शाई घेऊन बसलो. त्यांच्या मनगटाची रेघ चुकली. त्याच क्षणी माझ्या डाव्या हाताची दोन बोटं आपोआप कागदावर टेकली. आयपॅडवर चित्रं काढणाऱ्यांना ही खूण माहीत आहे: दोन बोटं टेकवली की शेवटची रेघ नाहीशी होते. कागदावरची रेघ तशीच राहिली, ओली, चमकती. मावशींनी विचारलं, “काय झालं? मी हलले का?” त्या हलल्या नव्हत्या. मी त्यांचं मनगट पाहिलंच नव्हतं.

त्या दिवशी मला माझ्या कामाची खरी रीत कळली. पडद्यावर मी आधी रेघ ओढत होतो आणि मग तिच्याकडे पाहत होतो. नको वाटली की पुसायची, पुन्हा ओढायची. दहा रेघांतली एक पसंत करायची. माझी नजर रेघांमधून निवड करत होती, समोरच्या माणसापर्यंत जातच नव्हती. निब शाईत बुडवली की हे चालत नाही. मनगट कुठे वळतं, हाड कुठे वर येतं, बांगडी कुठे अडते, हे हात हलण्याआधी डोळ्यांना ठाऊक असावं लागतं. शाळेत एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला आपण स्मरणचित्र काढायचो. बाजारात जाऊन यायचं आणि मग वर्गात बसून बाजार काढायचा. ती सवय मी सतरा वर्षांत घालवली होती.

आपल्या आधीच्या पिढीला ही शिस्त छापखान्यानं लावली होती. रेखाचित्र छापायचं तर त्याचा फोटो घेऊन जस्ताचा ब्लॉक करायचे. पांढरा राहायचा तो भाग आम्लानं खाल्ला जायचा. अशा लाइन ब्लॉकला फक्त काळं आणि पांढरं कळतं, करडं कळत नाही. सावली हवी तर रेघांची जाळी विणायची. जाळी फार दाट झाली तर शाई भरून डाग पडायचा, रेघ फार बारीक झाली तर तुटायची. म्हणून चित्र छापायच्या आकारापेक्षा मोठं काढायचं आणि लहान झाल्यावर काय उरेल ते आधीच ओळखायचं. दीनानाथ दलालांची पिढी या ब्लॉकच्या तालमीत वाढली. वसंत सरवट्यांनी ‘ललित’ मासिकाच्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर लेखक उभे केले, ते इतक्या थोड्या रेघांत, की त्यातली एकही काढता येत नाही. मला वाटतं, त्यांच्या नजरेनं अर्धं चित्र हात उचलण्याआधीच पूर्ण केलेलं असायचं.

पडद्यावरून कागदाकडे परतणं म्हणजे काय, हे मला चित्रकार डेव्हिड हॉक्नींकडून समजलं. २०११मध्ये त्यांनी इंग्लंडात यॉर्कशरमधल्या वोल्डगेटच्या रस्त्यावर येणारा वसंत ऋतू आयपॅडवर काढला. मोठमोठे छाप, झगझगीत हिरवे-जांभळे रंग. नंतर त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. २०१३मध्ये ते त्याच परिसरात कोळसा घेऊन गेले. पाच जागा, प्रत्येक जागा पाच वेळा: पंचवीस चित्रं, एकाही चित्रात रंग नाही. निष्पर्ण फांद्यांपासून पालवीपर्यंतचा सगळा बदल काळ्या-पांढऱ्यात दाखवायचा होता. हिरव्या रंगाची मदत नाही. एकाच झाडापुढे पाचव्यांदा उभं राहणारा माणूस काय पाहत असेल, याचा मी फार विचार केला आहे. २०२०मध्ये नॉर्मंडीचा वसंत त्यांनी पुन्हा आयपॅडवर काढला. साधन त्यांनी कधीच टाकलं नाही. मीही माझं टाकलेलं नाही. मुखपृष्ठाचे रंग आजही मी पडद्यावरच भरतो. रेघ तेवढी कागदावर आली आहे.

संपादक मंडळी समोर बसली आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. कथा चित्रकाराकडे आदल्या रात्री पाठवू नका. आठ दिवस द्या. अंकातल्या निदान एका कथेची चित्रं हातानं काढून घ्या आणि मूळ कागद चित्रकाराला परत करा. तरुण मित्रांनो, ते कागद सपाट, कोरड्या जागी ठेवा, मागे तारीख घाला. जुन्या मूळ चित्रांच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेली मापं दिसतात, पांढऱ्या रंगानं झाकलेली चूक दिसते. त्या झाकलेल्या चुकीवरून मी जेवढं शिकलो, तेवढं छापलेल्या पानावरून शिकलो नाही.

उद्या सकाळी साडेसहाला आपण रंकाळ्यावर जमतो आहोत, संध्यामठ दिसेल अशा बाजूला. कागद आणि शाई समितीनं आणली आहे. पहिला अर्धा तास कोणी काही काढायचं नाही, फक्त पाहायचं. खोडरबर खोलीवरच ठेवून या.