पाहुणा येऊ दे, पण दार आपल्या हातात

(संघटनेच्या महिला शिबिरात आम्ही पोरींनी मिळून केलेलं भाषण. बऱ्याच बायांनी लिहून मागितलं म्हणून इथं देत आहोत.)



गेल्या दोन महिन्यांत आपल्या पाड्यांवर काही लोक येऊन गेले. म्हणाले, तुमच्याकडे डोंगर आहे, धबधबा आहे, तारपा आहे, भिंतीवरची चित्रं आहेत. पर्यटन सुरू करा, बायांना रोजगार मिळेल. फक्त या कागदावर सही द्या. आम्ही सही दिली नाही. पण नको असंही म्हटलं नाही. कारण रोजगार पाहिजेच आहे. भात झोडून झाला की पोरंबाळं घेऊन वीटभट्टीवर जायला कुणाला आवडतं?

पण आम्हाला मागचा अनुभव आहे. एका रिसॉर्टवर आम्हाला नाचायला नेलं होतं. टेम्पोत बसवून नेलं, दोन-अडीच तास नाचवलं, टेम्पोत बसवून परत पाठवलं. पैसे ठेकेदारानं घेतले. आमच्या हातात दीडशे रुपये आणि वडापाव. तारपा कधी वाजवतात, कशासाठी वाजवतात, हे एकानंही विचारलं नाही.

म्हणून आम्ही शोधायला लागलो, की हे काम आदिवासी बायांनी स्वतःच्या हातानं कुठं केलंय का? शहरातल्या एका साथीनं माया लोकांची माहिती मिळवून दिली. ती तुम्हाला सांगतो.

अमेरिका खंडाच्या मधल्या चिंचोळ्या भागात बेलिझ नावाचा लहानसा देश आहे. लोकवस्ती चार लाखांच्या आसपास. तिथंही इंग्रजांचं राज्य होतं, १९८१ साली स्वातंत्र्य मिळालं. माया हे तिथले आदिवासी. मका, शेंगांचे वेल आणि भोपळा एकाच शेतात लावतात. जंगलाचा तुकडा तोडून, जाळून पेरतात आणि मग जमीन पडीक ठेवतात. आपल्या म्हाताऱ्यांना हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे दळी होती, तसंच ते.

तिथं कॉक्सकोम नावाचं खोरं आहे. त्यात जग्वार राहतो, म्हंजे ठिपक्यांचा वाघच समजा, आपल्या बिबट्याहून मोठा. त्याला वाचवायचं म्हणून १९८४ साली खोऱ्यात शिकारबंदी झाली, १९८६ साली अभयारण्य झालं. १९९० साली ते वाढवून एक लाख एकरांच्या आसपास नेलं. आत माया लोक शेती करत होते. त्यांना बाहेर यावं लागलं. ते रस्त्याकडेच्या माया सेंटर गावात येऊन राहिले. शेत गेलं, शिकार गेली. वाघासाठी गाव उठवायची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातही घडलेली आहे, म्हणून ती आपल्याला लगेच कळते.

पुढं काय झालं ते ऐका. जग्वार बघायला पाहुणे येऊ लागले. अभयारण्यात जायचा रस्ता माया सेंटरमधूनच फुटतो, तिथून आत सहा मैल. त्या फाट्यावर गावच्या बायांनी आपला गट केला आणि दुकान टाकलं. दगडी पाटीवर कोरलेली चित्रं, ताडासारख्या झाडाच्या पात्यांच्या टोपल्या, मण्यांचं काम, सगळं घरात बनवलेलं. आणि मुख्य गोष्ट म्हंजे अभयारण्यात जाणाऱ्यानं आधी या दुकानात नाव लिहायचं, तिकिटाचे पैसे तिथंच भरायचे. म्हंजे जंगलात जाणारा पाहुणा पहिल्यांदा माया बाईसमोर उभा राहतो.

बायांनो, आपल्याकडं जंगलाच्या गेटवर कोण बसलेलं असतं? आपलीच मोळी अडवणारा.

पण आम्ही तुम्हाला गोड गोड सांगणार नाही. दुकान झालं, तिकीट हातात आलं, तरी माया सेंटरच्या लोकांना खोऱ्यातली शेतं परत मिळाली नाहीत. म्हणून दुसरी गोष्टही ऐका.

त्याच देशाच्या दक्षिणेला टोलेडो जिल्हा आहे. तिथं १९९०च्या सुमारास माया गावांनी पाहुणाघरं बांधली. पाहुणा झोपतो पाहुणाघरात, पण जेवतो गावातल्या घरांमध्ये, पाळीपाळीनं. आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी. बाई दगडावर मका वाटते, भाकरी थापते, कोकोच्या बिया भाजून दाखवते. पाळी असल्यामुळं एकाच घरानं सगळा पैसा ओढायचा, असं होत नाही.

याच गावांनी जमिनीची लढाईही केली. सरकारनं जंगल लाकूड कंपन्यांना तोडायला दिलं, तेव्हा लोक उठले. १९९७ साली गावांनी स्वतः हिंडून आपल्या जमिनीचे नकाशे काढले, ‘माया ॲटलस’ नावाचं पुस्तक केलं. मग कोर्टात गेले. २००७ साली दोन गावं जिंकली. २०१५ साली कॅरिबियन न्यायालयात ३८ गावांचा वहिवाटीचा हक्क मान्य झाला. या लढाईत लोकांच्या वतीनं बोलणारी एक बाई आहे, क्रिस्टिना कोक, केकची माया समाजाची. पण निकालानंतरही सरकारनं रेंगाळत ठेवलंय. आपले दावे कसे पडून आहेत, तसंच.

आता आपलं बोलू. २००६चा वनहक्क कायदा आपल्या हातात आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबू वाहतुकीचा पास ग्रामसभेच्या हातात आला. म्हंजे दार हातात येऊ शकतं.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे.

पहिलं, सामूहिक दावा आधी. ज्या डोंगरावर आपला हक्क लिहिलेला नाही, तिथं पाहुणा आणला तर उद्या त्याच पाहुण्यासाठी आपल्याला उठवतील.

दुसरं, पैसा बायांच्या गटाच्या खात्यात, आणि जेवणाची पाळी प्रत्येक घराला. विधवा बाईच्या घरालासुद्धा.

तिसरं, काय दाखवायचं ते आपण ठरवायचं. भाकरी दाखवू, वारल्याचं चित्र शिकवू, रानभाज्या ओळखायला शिकवू. पण लग्नाचा चौक आणि त्यातली पालघट देवी पाहुण्यासाठी काढायची का? आम्हाला वाटतं, नाही. पण हे धवलेरी आणि सवाशिणींनी बसून सांगावं, आम्ही पोरींनी नाही.

चौथं, शेत सोडायचं नाही. २०२० साली रोगाची साथ आली तेव्हा बेलिझचा विमानतळ मार्चपासून सप्टेंबर संपेपर्यंत बंद होता. पाहुणा आला नाही तर कोठीत नाचणी पाहिजे. पर्यटन म्हंजे तोंडी लावणं. भाकरी शेतातूनच येणार.

ते लोक पुन्हा येतील. तेव्हा एकट्या पुढाऱ्यानं सही करायची नाही. कागद ग्रामसभेत वाचायचा, आणि बाया निम्म्या बसल्याशिवाय ग्रामसभा सुरू करायची नाही. येत्या ग्रामसभेला प्रत्येक घरातून एक बाई आलीच पाहिजे. चूल गड्याला सांभाळू द्या एक दिवस.

पाहुण्याला आपण कधी उपाशी पाठवलं नाही, पुढंही पाठवणार नाही. पण तो आपल्या घरात येईल तो आपल्या दारातून, आपल्याला विचारून.

जिंदाबाद!